फोडून की साबूत

शेतातली कापसाची पऱ्हाटी उपटून झाली, तिचे भारे कुंपणाला लागले, की बोथच्या बाजारात उन्हाळा सुरू झाला असं धरतात. कॅलेंडर कोणी पाहत नाही. कापसाच्या गाड्यांतून उडालेले पुंजके काही दिवस रस्त्यावर वाऱ्याबरोबर फिरतात, मग धुळीत मिसळून दिसेनासे होतात. झाडांखाली मोहाची फुलं पडू लागतात आणि सकाळच्या हवेला एक गोड, जड वास येतो. आमच्या दुकानात हा ऋतू कानांनी कळायचा. लाकडी मुठीचा लोखंडी टोचा बर्फाच्या लादीवर बसला की आधी खट्, आणि मग लादीच्या पोटातून लांबवर जाणारी चीर, मांजरपाट फाडल्यासारखी. आता तो आवाज नाही. कोपऱ्यातलं यंत्र थोड्या थोड्या वेळाने आपले तुकडे खाली सोडतं. खळ्ळ. मग शांतता. मग पुन्हा आतल्या पाण्याची झुळझुळ.

या वर्षीही होळीनंतर यंत्र पुसून सुरू केलं. पहिली खळ्ळ ऐकली आणि ते आणलं तो उन्हाळा आठवला. एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार झाले, त्या दसऱ्यानंतरचा पहिला उन्हाळा.

दुकान आजोबांनी टाकलेलं, आता मोठेबाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं. उसाचा रस, लस्सी, सरबत आणि बर्फ. आमचं आडनाव फक्त कागदोपत्री उरलं आहे. गाव आम्हाला बर्फवालेच म्हणतं. पाटीवरचा पत्ता मात्र बदलत राहिला. निजामाचं राज्य विलीन झालं तेव्हा पाटीवर हैदराबाद होतं. पुढे किनवट आणि राजुरा पलीकडे मराठी मुलखात गेले, बोथ इकडे राहिलं, आणि पाटीवर आंध्र आलं. मग तेलंगण. दर वेळी रंगारी शिडीवर चढून विचारायचा, कोणती ओळ बदलू? आणि उत्तर दर वेळी तेच असायचं. "खालची बदल. वरची राहू दे." वरच्या ओळीत 'बर्फ मिळेल' एवढंच लिहिलेलं होतं.

बर्फ निर्मळहून यायचा. घाट चढून, लाकडाच्या भुशात पुरलेल्या लाद्या ओल्या पोत्यांखाली घेऊन सकाळी गाडी यायची. गाडीमागे पाण्याची एक रेघ असायची. ती वाळायच्या आत लाद्या आमच्या ओट्यावर यायच्या. चार जिल्हे झाले आणि निर्मळ स्वतः जिल्ह्याचं ठिकाण झालं. नव्या कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांसमोर टपऱ्या आल्या, हॉटेलं आणि मंगल कार्यालयं आली. सगळ्यांना बर्फ हवा होता. कारखान्यातून निरोप आला की गाडी आता घाट चढणार नाही. आदिलाबादला विचारलं, तर तिथला बर्फ त्या शहरालाच पुरत नव्हता.

"जिल्हा फोडला सरकारनं," मोठेबाबा म्हणाले, "अन् वितळून राह्यलो आमी."

मी तेव्हा एका मराठी दैनिकाला इकडच्या बातम्या पाठवत असे. चार जिल्ह्यांच्या बातमीत हद्दी होत्या, मंडळं, म्हणजे इकडचे तालुके, होती, कोणती कचेरी कुठे बसणार हे होतं. बर्फाची गाडी कुठे थांबणार हे नव्हतं. ते बातमीत बसत नाही.

आमच्याकडे बर्फ विकण्याची एक रीत होती. गिऱ्हाईक ओट्यापाशी आलं की टोचा उचलायचा आणि एकच विचारायचं, "फोडू का?" सरबतवाला, लग्नघरचा माणूस, तापलेल्या पोराच्या कपाळासाठी घेणारी बाई, सगळे म्हणायचे, "फोडा." लग्नाला अख्खी लादी लागत असली तरी तिचा एक कोपरा टोच्याने उडवल्याशिवाय ती बाहेर जात नसे. न फोडलेली लादी एकाच कामाला जाते. उन्हाळ्यात घरात कोणी गेलं, मुलगा हैदराबादहून किंवा मुलगी चंद्रपूरकडून यायची असली, की तोवर देह बर्फावर ठेवायला त्या घरचा माणूस यायचा. तो कोण गेलं ते सांगत नसे. टोचा उचलून "फोडू का?" विचारलं की तो म्हणायचा, "साबूत."

उर्दूतून आलेला साधा शब्द, अखंड या अर्थाचा. साबूत मूग, साबूत मिरची असं बाजारात रोज कानावर येतं. पण आमच्या ओट्यापाशी तो शब्द आला की टोचा खाली ठेवला जायचा, रसाचा चरक थांबायचा, बाकावरचे लोक उठून उभे राहायचे. भाव कोणी सांगत नसे आणि विचारत नसे. शेवटची लादी लग्नासाठी राखलेली असली तर कोपरा उडवायच्या आत तीच द्यायची. त्या शब्दाला आमच्या दुकानातून कधी 'नाही' गेलं नव्हतं. मोठेबाबांच्या लेखी दुकान म्हणजे हेच. रस आणि लस्सी ही मधल्या वेळातली कामं.

यंत्र घ्यायचा विचार रेखावहिनीचा. ती मोठेबाबांची सून, माहेर मुधोळचं. तिचा नवरा, आमचा दादा, बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत नोकरीला असल्यामुळे दुकान तीच पाहते. बर्फ बनवणाऱ्या यंत्राला कोणतं पाणी चालेल, हे तिने आधी घरच्या फ्रीजमध्ये शोधलं. एका वाटीत बोअरचं पाणी ठेवलं, दुसरीत नळाच्या टाकीचं. सकाळी टाकीच्या पाण्याचा बर्फ बऱ्यापैकी स्वच्छ निघाला, बोअरचा पिठासारखा पांढरा. वितळल्यावर बोअरच्या वाटीच्या तळाशी पांढरा थर राहिला.

"हा क्षार नळ्यांत बसते," वहिनी म्हणाली. "माणसाले होते तसा यंत्रालेबी मुतखडा होते, मामाजी. आधी पाण्याची गाळणी, मग यंत्र."

आमच्या भागात सून सासऱ्याला मामाजी म्हणते. मोठेबाबांनी वाटी उचलून पाहिली. "अन् त्यालेबी गोखरूचा काढा पाजशीन काय?"

मग फोन सुरू झाले. हैदराबादच्या एका एजंटाने वहिनीला बर्फाच्या जाती समजावल्या. चौकोनी तुकड्यांचा बर्फ, मासळीवाले वापरतात तो भुगा, आणि लादी. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा वहिनी मागे पाणी भरत होती. मोठेबाबांनी उचलला. फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचं हैदराबादी हिंदी, ज्यात 'हवं'ला 'होना' म्हणतात, सगळ्या बाकाने ऐकलं.

"साब, आपकू साबूत होना क्या?"

मोठेबाबांनी डोक्यावरची टोपी काढली. बाकावरचे दोघे उठून उभे राहिले.

"किसके घर में?" मोठेबाबांनी हळू विचारलं.

"घर में? घर का छोटा रहता साब. आपकू तो दुकान में होना ना?"

मोठेबाबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "हमारे घर में, दुकान में, सब खैरियत है." आणि फोन ठेवला. बाकावरच्यांकडे वळून म्हणाले, "फोनवर मरण विकून राह्यला लेकाचा."

वहिनीला हे कळलं तेव्हा ती हंड्याला टेकून हसली. मग हसू आवरून तिने फोन लावला आणि त्या माणसाची समजूत काढली. तो बिचारा लादीच्या यंत्राबद्दल विचारत होता. पुढे बरेच दिवस त्याचा फोन आला की मोठेबाबा आधी विचारायचे, "तो मयतवाला हाय काय?"

एजंट स्वतः आला तेव्हा मे लागायचा होता, पण ओट्यावरचा पत्रा हात लावू देत नव्हता. त्याच्या हातात चकचकीत कागद. दिवसाला इतका बर्फ, असं त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. वहिनीने कागद पाहिला आणि विचारलं, "ये जाँच कौन से महीने में किए?"

"मॅडम, कंपनी में तो एसी रहता."

"हमारे पास मई रहता."

तो हसला आणि मग खरं बोलला. छापलेला आकडा थंड खोलीचा आणि थंड पाण्याचा असतो. आमच्याकडे दुपारी त्याच्यात बरीच तूट धरावी लागेल. वहिनीला हेच त्याच्या तोंडून हवं होतं. मग प्रश्न एकामागून एक येत गेले. गरम हवा कुठे सोडणार? थंड करायचं म्हणजे गरमी उचलून दुसरीकडे टाकायची. यंत्र भिंतीला चिकटवलं तर तीच गरमी पुन्हा त्याच्याच नाकात. शेजारच्या भज्यांच्या कढईपासून किती लांब? पाण्यावर थंड होणारं यंत्र चांगलं, पण आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी यंत्राला की माणसाला? वितळलेलं पाणी कुठून जाणार? विजेचा दाब पडला तर? बिघडलं तर कोण येणार?

शेवटच्या प्रश्नावर एजंटाने यादी काढली. आदिलाबाद जिल्ह्याचा दुरुस्तीवाला मंचिर्यालला बसत होता. मंचिर्याल तोवर वेगळा जिल्हा झालेला, आणि बोथहून तिकडे जायचं म्हणजे जुन्या जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. कंपनीच्या नकाशात आमचा जिल्हा अजून फुटलेला नव्हता.

"त्याईच्याकडं साबूत हाय," मोठेबाबा मागून म्हणाले. हसायचं की नाही, हे बाकावर कोणाला कळलं नाही.

वहिनीने आदिलाबादचा मिस्त्री लिहून घेतल्याशिवाय बोलणं पुढे नेलं नाही. ते झालं. राहिला एकच मुद्दा, आणि तो एजंटासमोर बोलायचा नव्हता. तो गेल्यावर सासरा आणि सून ओट्यावर बसले.

लादीचं यंत्र म्हणजे मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात पत्र्याचे डबे, तीन फेजची वीज आणि मागची सगळी खोली. एवढ्या लाद्या आता बोथमध्ये कोणी घेत नव्हतं. लग्नवाल्यांना तुकडे हवे होते, सरबतवाल्यांना तुकडे हवे होते. तुकड्यांचं यंत्र कोपऱ्यात मावत होतं. हे मोठेबाबांनाही दिसत होतं.

"तुवं बरोबर हाय," ते म्हणाले. "पण त्यातून निंगते तो बर्फ जन्मापासून फुटलेलाच. उद्या कोनी साबूत मागितलं, तं काय सांगशीन?"

"तवाचं तवा पाहू, मामाजी."

"मरण सांगून येते काय?"

वहिनीने एजंटाचा चकचकीत कागद घडी घालून बाजूला ठेवला.

"आण," मोठेबाबा शेवटी म्हणाले. "दुकान बंद पडण्यापरीस हे बरं. पण ज्या दिवशी त्या शब्दाले नाही म्हणायची पाळी आली, त्या दिवशी म्या गादीवरून उठन. मंग तू अन् तुवं यंत्र."

ही धमकी नव्हती. मोठेबाबा धमकी देत नसत. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांनी टोचा अडकवला आणि त्याच्या टोकाला तेलाचं बोट लावलं, गंज चढू नये म्हणून.

यंत्र आलं. भिंतीपासून हातभर पुढे, मागे जाळीची खिडकी पाडून बसवलं. पहिला बर्फ काचेसारखा पारदर्शक निघाला आणि त्यानेच पंचाईत केली. आमच्याकडे बर्फ म्हणजे पोटात पांढरी रेघ असलेला. पहिल्याच गिऱ्हाइकाने रसाचा ग्लास उजेडात धरून विचारलं, "वहिनी, ह्यात बर्फ टाकला का काच?"

"चावून पाहा. दात पडला तं काच."

"अन् नाही पडला तं?"

"तं अजून एक ग्लास घ्या."

यंत्राचा स्वभाव वहिनीने हळूहळू ओळखला. दुपारी ते धापा टाकायचं आणि थोडंच द्यायचं. पहाटे भराभर द्यायचं. "शेतकऱ्यासारखं हाय, काम सारं सकाळी." म्हणून पहाटेचे तुकडे ती एका जुन्या आडव्या फ्रीझरमध्ये साठवायची आणि मधूनमधून फावड्याने हलवायची. एजंटाने बजावलं होतं, हलवले नाहीत तर तुकडे एकमेकांना धरतात, मग उपयोगाचे राहत नाहीत. ते या यंत्राचं दुखणं.

तो ऋतू आठवतो तो अशा तुकड्यांत. पत्र्यावर कावळ्याच्या पायांचा आवाज. आंब्याच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या गाड्या. तहसीलवर नवी पाटी लावायला आलेले लोक, तेलुगूत एकमेकांना शिडी सरळ धरायला सांगणारे, आणि मग आमच्या बाकावर बसून दोन-दोन ग्लास रस पिणारे. एखाद्या माणसाला गावाचं नाव विचारलं की तो नवा जिल्हा सांगायचा, मग थांबून जुना सांगायचा. मोठेबाबा गादीवर बसून रस्त्याकडे पाहत असायचे. कोणी ओट्याकडे वळलं की आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे. तो "रस द्या" म्हणाला की त्यांचे खांदे खाली यायचे. ते इतरांना दिसत नव्हतं. वहिनीला दिसत होतं.

एका संध्याकाळी वादळ आलं. पाऊस नाही, नुसता वारा आणि धूळ. तारा तुटल्या, वीज गेली. ती आली तेव्हा दुकान बंद झालेलं होतं. सकाळी वहिनीने फ्रीझर उघडला आणि झाकण धरून उभी राहिली. बिनविजेच्या वेळात तुकड्यांना पाझर फुटला होता, आणि वीज आल्यावर सगळे एकमेकांना धरून गोठले होते. फ्रीझरच्या तळाएवढा, वीतभर जाड, एकच गठ्ठा. दुपारी एका लग्नाला तेच तुकडे द्यायचे होते.

तिने खिळ्यावरचा टोचा काढला. यंत्र आल्यापासून पहिल्यांदाच. दोन्ही हातांनी उगारला, आणि सवयीने, दुकानातल्या प्रत्येकाला असते त्या सवयीने, मोठेबाबांकडे वळून विचारलं, "फोडू का?"

"साबूत."

आवाज मोठेबाबांचा नव्हता. ओट्याबाहेर ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्याजवळ दिगंबर. जवळच्याच एका गावचा, कापूस-ज्वारी करणारा, लहानपणापासून आमच्या बाकावर रस पिणारा. त्याची माय पहाटे गेली होती. भाऊ हैदराबादहून निघाला होता. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा त्याने एकच शब्द उच्चारला, आणि तोही आमच्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून.

चरक थांबला. बाकावरचे उठले. वहिनीने टोचा खाली ठेवला.

मोठेबाबा गादीवरून उठले. ते उठले तेव्हा वहिनीचा चेहरा उतरला, कारण त्या उठण्याचा अर्थ तिला माहीत होता. पण ते बाहेर गेले नाहीत. फ्रीझरपाशी आले, आत वाकून पाहिलं, गठ्ठ्यावर तळहात फिरवला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग दिगंबरकडे पाहून म्हणाले, "हाय. साबूत हाय."

फ्रीझरच्या भिंतींना कडेकडेने पाणी सोडून चौघांनी तो तिरपा केला आणि गठ्ठा ओल्या पोत्यांवर उतरवला. उन्हात तो वेगळाच दिसत होता. जुन्या लादीसारखी आत पांढरी रेघ नव्हती. नीट पाहिलं तर एकेक तुकडा आपापल्या जागी दिसत होता, कणसातल्या दाण्यांसारखा, पण बोट घालायला फट नव्हती. दिगंबरने वाकून पाहिलं.

"मामा, हे फुटलेलं जोडलं काय?"

"कोनं नाही जोडलं, बापू. आपोआप जुळलं. टोचा लागला नाही त्याले."

दिगंबरने मान हलवली. त्याला तेवढं पुरलं. ट्रॅक्टर गेला, मागे पाण्याची रेघ सोडत. बऱ्याच दिवसांनी त्या रस्त्यावर ती रेघ दिसली.

वहिनीने लग्नघरी फोन केला. नवरीच्या मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मटक्यातलं पाणी पाजू, वहिनी. ते पोचलं ना आधी?" दुपारभर यंत्र त्या उन्हात जेवढं देऊ शकत होतं तेवढं देत राहिलं, आणि लग्नात सरबत उशिरा वाढलं गेलं.

संध्याकाळी मोठेबाबा पुन्हा गादीवर होते. वहिनीने टोचा पुसून खिळ्याला लावला.

"एजंट म्हणे, हे यंत्राचं दुखणं हाय," ती म्हणाली.

"मंग राहू दे दुखणं," मोठेबाबा म्हणाले. "औषध करू नको."

तेव्हापासून वहिनी दर वर्षी होळीनंतर हे मुद्दाम घडवते. फ्रीझरच्या तळाशी तुकडे पसरायचे, वर थोडं गाळलेलं पाणी शिंपडायचं, आणि हलवायचे नाहीत. एक लादी जुळते. तिच्यावर पोतं, पोत्यावर रोजच्या विक्रीचा बर्फ. कोणी मागितली की ती जाते आणि त्याच दिवशी दुसरी मांडली जाते. एखाद्या वर्षी ती तशीच राहते. मग शेवटची लग्नतीथ उलटली, शेतात पेरणीची घाई सुरू झाली, की वहिनी पोतं काढते, मोठेबाबांना टोचा देते, आणि ते सगळ्या बाकाला विचारतात, "फोडू का?" सगळा बाक म्हणतो, "फोडा." त्या दिवशी रस जरा जास्तच गार असतो आणि लोक तो उभ्या उभ्या पितात. गाव याला सण म्हणत नाही. पण त्या दिवशी कोणी चुकत नाही.

जिल्ह्यांचं म्हणाल तर लोक सरावले. दुरुस्तीवाल्यांच्या याद्याही बदलल्या. जुन्या जिल्ह्याचं माणूस भेटलं की अजून आपलंच वाटतं, आणि ते का, हे कोणी कोणाला विचारत नाही.

या वर्षी यंत्र सुरू केलं त्याच आठवड्यात हैदराबादहून फोन आला. माणूस नवा, कंपनी दुसरी, पण बोलणं ओळखीचं. वहिनी मागे होती. मोठेबाबांनी उचलला. बाकावर सगळ्यांनी ऐकलं.

"साब, नया मॉडल आया. आपकू साबूत होना क्या?"

कोणी उठलं नाही. मोठेबाबांनी टोपीला हात लावला नाही. त्यांनी फ्रीझरकडे एकदा पाहिलं.

"नक्को," ते म्हणाले. "हमारे यहाँ सब खैरियत है. और साबूत भी है."